सुमित्राक्का आणि बाटलीतलं पाणी

सुमित्राक्कांबद्दल लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की "चांगल्या होत्या बाई" एवढं म्हणून उठत असे. त्यांच्या नावाला जे चिकटलं ते मी चिकटवलं होतं, आणि माझ्यामागे हे सांगणारं कुणी नाही.

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मोडलेल्या हाडात बसवायच्या सळ्या तयार होत. सळीवर बारीक छिद्रांचा लेप, छिद्रांत जंतुनाशक औषध. ते महिनाभर थोडं थोडं झिरपलं, तर जखम आतून चिघळत नाही. ते तसं झिरपतं का, हे पाहणं अक्कांचं काम. मिठाच्या पाण्याच्या बाटलीत सळीचा तुकडा ठेवायचा, बाटली अंगाइतकी उबदार राखायची. रोज सगळं पाणी काढून त्यातलं औषध मोजायचं आणि ताजं पाणी भरायचं. त्यासाठी त्या रविवारीही बनशंकरीहून दोन बस बदलून येत. सुट्टी घ्या म्हटलं तर विचारत, "पेशंटचं रक्त रविवारी थांबतं का, अण्णा?"

त्यांचं घराणं चार पिढ्या बेंगळुरूचं. मराठीत कन्नड सहज मिसळे. बाटल्यांजवळून कुणी घाईने गेलं की म्हणत, "स्वल्प हळू, आत माणूस झोपलाय." आम्ही हसायचो.

नवा लेप आला तेव्हा त्यांच्या मोजणीत जवळजवळ सगळं औषध तीन दिवसांतच बाहेर पडलं. माल द्यायची तारीख तोंडावर होती. त्यांचा वरिष्ठ म्हणून मी त्यांना सांगितलं, रोज पाणी बदलू नका. चमचाभर काढून मोजा, बाकीचं राहू द्या. मग त्याच पाण्यात औषध साचत गेलं आणि उरलेलं छिद्रांतच अडून राहिलं. कागदावरची रेघ संथ, देखणी चढली.

अक्का तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. "अण्णा, ही बाटलीची रेघ आहे, माणसाची नाही. बाटलीत पाणी तुंबतं. रक्त सगळं वाहून नेतं."

वरून आदेश आहे, मी म्हटलं. आदेश माझाच होता. त्यांनी आकडे नोंदवले, पण निष्कर्षाखाली सही केली नाही. ती मी केली.

दोन महिन्यांनी इस्पितळातून फोन येऊ लागले. पहिल्या फोनवर डॉक्टर शांत होते, चौथ्यावर नव्हते. भरून आलेले पाय पुन्हा सुजत होते, आत पू होता. एकाचा पाय कापावा लागला. चाचणी कुणाच्या हातची, असं चौकशीत विचारलं तेव्हा मी नोंदवही पुढे सरकवली. त्यात सगळं अक्षर अक्कांचं होतं. माझा हुकूम तोंडी होता, आणि सही त्यांच्या आकड्यांवर विसंबून केली, असं मी सांगितलं.

अक्का समोरच बसल्या होत्या. मी बोलेन म्हणून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. माझं काय लिहायचं ते लिहा. पण सळ्या आजच परत मागवा."

त्यांना काढून टाकलं. पुढे कुठल्याच प्रयोगशाळेने घेतलं नाही.

गेल्या वर्षी त्या फार आजारी असल्याचं कळलं, तेव्हा बनशंकरीला गेलो. त्यांनी पडल्या पडल्या सुनेला कॉफी करायला सांगितली. मी तोंड उघडणार, तोच विचारलं, "अण्णा, सगळ्या सळ्या परत आल्या ना?"

सगळ्या आल्या नव्हत्या. काही अजून माणसांच्या पायांत होत्या, आणि ती माणसं आम्हाला सापडली नव्हती.

"आल्या," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर खरं बोलायला मला जागाच उरली नाही. कॉफी पिऊन निघालो. पंधरवड्यात त्या गेल्या.

त्या दिवशी त्यांच्याकडे जाताना रिक्षात घोकलेलं वाक्य एवढंच होतं: अक्का, अक्षर तुमचं होतं, पण पाणी मी बदलू दिलं नाही, मला क्षमा करा.