लंगड्या कुत्र्याची गोळी

त्या दिवशी मी डॉक्टरांशी भांडायलाच निघाले होते. कुत्रा मांडीवर, रिक्षा खड्ड्यांतून आदळत चाललेली, आणि मी मनातल्या मनात काय काय सुनावायचं ते जुळवत होते. लंगडत का होईना, पण हिंडत होता बिचारा. तुमच्या गोळ्या सुरू केल्या आणि मरायला टेकला. हे असंच तोंडावर म्हणणार होते.

तसा कुत्रा आमचा नव्हे, गल्लीचा. सकाळी शेजारच्या अक्कांच्या पायरीवर, दुपारी समोरच्या टेलरच्या दुकानात मशीनखाली आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर, सासऱ्यांच्या खाटेजवळ. प्रत्येक घरात त्याला वेगळं नाव होतं आणि प्रत्येक नावाला मेला शेपूट हलवायचा. त्या आठवड्यात कापसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली त्याच्या मागच्या पायाला घासून गेली. असा विव्हळायचा की गल्लीत कुणाच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी मीच त्याला चाळीसगावातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. पायाचा एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं, सूज फार होती. त्याला वजनकाट्यावर उभं करून वजनाप्रमाणे गोळ्या लिहून दिल्या. दिवसातून एकदाच, पोट भरल्यावर. वर बजावलं, "दुखायचं दुसरं कुठलंही औषध यासोबत द्यायचं नाही. माणसांचं तर अजिबात नाही. उलटी झाली, खाणं सोडलं, शी काळी झाली, तर गोळी बंद करायची आणि लगेच इकडे आणायचं." मी मान डोलावली. एवढं मला कळत नाही का, असं मनात आलंच. पण पाकीट मी फ्रीजवर ठेवलं आणि रोज त्याला भाकरी-दूध खाऊ घालून माझ्या हातानंच गोळी दिली.

सुरुवातीला तर काय, जादूच! गडी उठून चालायला लागला, टेलरच्या दुकानापर्यंत जाऊन यायला लागला. गल्लीनं माझं कौतुक केलं, मीही करवून घेतलं. आणि मग एक दिवस त्यानं भाकरीकडे बघून तोंड फिरवलं. शेव टाकली, ती तशीच पडून राहिली. दुपारी ओकला, त्यात चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी. थोड्या वेळानं शी केली ती काळीकुट्ट, डांबरासारखी चिकट. माझं डोकंच फिरलं. गोळी बंद केली, रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या पोटाला हात लावला तर तो कळवळला. "आणखी काय दिलं याला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही!" मी एवढ्या जोरात बोलले की बाकड्यावरचे लोक बघायला लागले. "माझ्या हाताशिवाय त्याला गोळी जात नाही. तुमचंच औषध चुकलंय."

मुलगी चिडली नाही. सलाइनची सुई लावता लावता म्हणाली, "या औषधानंही एखाद्याला त्रास होतो, म्हणूनच मी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पण इतक्या लवकर इतकं बिघडत नाही शक्यतो. पोटात काय गेलंय ते मला कळायला हवं. गल्लीत फोन करून विचारा ना."

मी फोन लावला तो तिला खोटं पाडायला. टेलरच्या बायकोनं उचलला. विचारायचा अवकाश, ती म्हणाली, "हां भाभी, मैं देती थी ना. कमरदर्द की मेरी गोली. आधी तोडके देती थी, रोटी में." मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. तेवढ्यात मागून अक्कांचा आवाज आला. त्यांनी फोन हिसकावून घेतला असणार. "मी बी देस ना त्याले! मनी गुडघानी गोळी. बट्टीमा दाबीसन. कसा गटकन खाई लेस!" आवाजात केवढा अभिमान!

अरे देवा. डॉक्टरांकडे बघायची हिंमत होईना. त्यांनी शांतपणे गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागवायला सांगितले. मोबाइलवर फोटो आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "माझी एक, त्यावर या दोन. सगळ्या एकाच जातीच्या. कुत्र्याच्या पोटाला हे सोसत नाही हो. आतून जखमा झाल्यात, रक्त जातंय. काळं दिसतंय ते रक्तच आहे. किडनीचं काय झालंय ते रक्त तपासल्यावर कळेल."

"वाचेल ना?"

"आज नाही सांगता येणार."

त्याला तिथंच सलाइनवर ठेवून मी त्याच रिक्षानं परत आले आणि गल्लीच्या मधोमध उभी राहून जे तोंड सोडलं! मायेनं विष घालता का मुक्या जिवाला? एकीनं तरी मला विचारलं असतं! टेलरची बायको दारातच मटकन बसली. अक्का पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "त्यानं कन्हनं ऐकाये नही वं माय, म्हनीसन दिन्ही," एवढंच त्या म्हणत राहिल्या. त्यांच्याकडे बघूनही माझा राग काही जाईना. माझ्या घरात एवढं काटेकोर चाललं होतं आणि या बायांनी वाटोळं केलं, हेच डोक्यात घुमत होतं.

ओट्यावर आबा, म्हणजे माझे सासरे, खाटेवर बसून सगळं ऐकत होते. मी पायरी चढले तसे हळूच म्हणाले, "मी बी देस."

"काय?"

"मी एक लेस, त्याले एक देस. आमना दोन्हीसना पाय गयेल शेतस."

त्यांनी उशीखालून पाकीट काढून दिलं. बायकांच्या गोळ्या परवडल्या, एवढी जबर गोळी! माझ्याच घरातून, माझ्याच ओट्यावरून! मी पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

"आबा, ही तुम्हाला कुणी लिहून दिली?"

"कोनी नही. मेडिकलवाला देस. कैक साल व्हयनात."

माझा तोल सुटला. आयुष्यात सासऱ्यांपुढे आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "अहो, त्याच्या पोटात जखमा झाल्यात या गोळ्यांनी! डांबरासारखी काळी शी होतेय त्याला. रक्त आहे ते, रक्त!"

आबा पाकिटाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता, लाजल्यासारखे म्हणाले, "काळी? तशी ते मनी बी व्हस. बराच दिन व्हयनात. कोनले सांगानं?"

अक्कांचं रडणं थांबलं होतं. मग मी ओट्यावरूनच ओरडून रिक्षावाल्याला थांबवलं. आबांचा हात धरून उठवलं तर त्यांना भोवळ आली. मी आणि टेलरच्या बायकोनं त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं.

चाळीसगावातून त्यांना थेट धुळ्याला हलवलं. रक्त चढवलं, पोटात दुर्बीण घालून वाहणारी जखम बंद केली. तिसऱ्या दिवशी प्राण्यांच्या दवाखान्यातून फोन आला, कुत्र्यानं पेज चाटली म्हणून, आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले.

आबांना सोडायच्या वेळी तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर अवघड होतं, अशी माणसं कोसळल्यावरच आमच्याकडे येतात. वेळेवर आणायला कुणी सांगितलं तुम्हाला?

मी म्हटलं, "आमच्या कुत्र्याच्या डॉक्टरांनी."