मामांचं एफएम

गाडी प्रवासासाठी असते, ही कुणीतरी उठवलेली अफवा आहे, असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत. गाडी गाणी ऐकायला असते. वाटेत वडगाव, कामशेत लागतं हा योगायोग. वडिवळ्याला त्यांच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या गाडीत नुसता रेडिओ आहे. म्हणून मामांनी लायटरच्या भोकात बसणारा एफएम ट्रान्समीटर आणला. त्यात पेनड्राइव्ह खुपसायचा, यंत्रावर आणि रेडिओवर एकच आकडा लावायचा, की आपली गाणी रेडिओतून येतात. मात्र त्याच आकड्यावर एखादं खरं स्टेशन घुसलं की पंचाईत. म्हणून कुठल्या गावात कुठला आकडा मोकळा, हे मामांनी डॅशबोर्डवर मामींच्या नेलपॉलिशने लिहून ठेवलंय. एकदा लोणावळ्याला लग्नाला जाताना ऐन अभंगात फ्लॅटची जाहिरात घुसली. मामांनी गाडी कडेला घेतली आणि मोकळा आकडा सापडेपर्यंत हलवली नाही. आम्ही पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती.

“मामा, नवा टेप बसवा की,” मी म्हणालो.

“जावईबापू, म्हैस लाथ मारती म्हनून कुनी गोठा पाडतं का?”

संध्याकाळी घरात मामींची मालिका सुरू झाली की मामा अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसत आणि तासभर गाणी ऐकत. त्यात बॅटरी उतरे आणि सकाळी गाडी ढकलायला पाहुणे लागत. शेजारी, भिंतीला भिंत लागून त्यांचे थोरले भाऊ राहतात. भातखाचराच्या बांधावरून दोघांत बारा वर्षं अबोला. एकमेकांच्या घरचं लग्नसुद्धा दोघांनी आपापल्या अंगणातूनच पाहिलं.

गेल्या वर्षी मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आल्यावरही डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. मी भेटायला गेलो, त्या संध्याकाळी थोरले भाऊ दारात येऊन उभे राहिले. आत येईनात.

“गाडी बिघडली का?” त्यांनी चौकटीला विचारलं.

“न्हाई,” मामा छताला म्हणाले.

“मग गानी का बंद हायेत?”

मामांनी मान वळवली. “तुला काय ठावं?”

“माझ्या रेडिओवर येत्यात. दोन वर्सं ऐकतोय.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं असतं तर बंद केली असतीस.”

मामांनी बराच विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. “व्हय, केली असती,” ते म्हणाले. मग हात लांब करून खिळ्याकडे बोट दाखवलं. “चावी तितं हाय. तूच लाव.”

मी थोरल्यांना गाडीत बसवलं, आकडा दाखवला. गाणं सुरू झालं. आतून मामांची हाक आली, “दादा, आवाज वाढव की, हितं ऐकू येईना!”

थोरल्यांनी बटण शोधायला मान खाली घातली. मी बटणावर बोट ठेवून दाखवलं, तरी त्यांची मान बराच वेळ वर आली नाही.