बोरीच्या कुंपणातला प्लॉट

वटवटे हे सरांचं आडनाव नव्हतं. ते पोरांनी ठेवलं होतं. आमच्या हायस्कुलात त्यांच्याइतका कमी बोलणारा मास्तर दुसरा नव्हता. पण वटवट्या नावाच्या पाखराचा विषय निघाला की ते बोलू लागत, आणि मग तास संपल्याची घंटाही त्यांना ऐकू जात नसे. भूमितीचं प्रमेय फळ्यावर अर्धं राही.

वटवट्या म्हणजे चिमणीहून लहान, लांब शेपटी उभी धरणारा, दिवसभर किडे-अळ्या टिपणारा पक्षी. उभ्या ज्वारीत, गवतात, बांधावरच्या काट्यात राहतो. पानं शिवून घर करणारा शिंपी आणि थंडीत उत्तरेकडून येणारे पर्णवटवटे ही सर म्हणत त्याची भावकी. गावाच्या लेखी ती सगळी 'चिल्लर पाखरं'. कुणी तसं म्हटलं की सर म्हणत, "खिशात चिल्लरच असते हो. नोटा कुणाकडे असतात?"

सोनईजवळच्या त्या गावात मी एकाहत्तर साली मास्तर म्हणून नोकरीला लागलो. रविवारी सर मला बरोबर नेत. ज्वारीकडे पाठ करून ते बांधावर बसत, कारण तोंड करून बसलं की पाखरू बाहेर येत नाही, असं त्यांचं मत होतं. माझ्या अनुभवात ते पाठ करूनही येत नसे. सर परसाकडं बसलेत असं समजून येणारेजाणारे विचारत, "मास्तर, डबा कुठं ठिवला?" सर गंभीरपणे म्हणत, "विसरलो." तो माणूस हसत निघून जाई.

गावाबाहेर ओढ्याच्या वाटेवर सरांनी घरासाठी एक प्लॉट घेतला होता. चारी बाजूंनी बोराटीचं दाट कुंपण, मागच्या कोपऱ्यात एक बाभूळ. तोवर सर आणि वहिनी भाड्याच्या दोन खोल्यांत पत्र्याखाली राहत होते. पावसाळ्यात वहिनी भांडी गळतीखाली मांडत आणि उन्हाळ्यात दुपारी ओलं पोतं डोक्यावर घेऊन बसत. स्वतःचं घर एवढी एकच गोष्ट त्यांनी नवऱ्याकडे मागितली होती, आणि सर कधीच 'नाही' म्हणाले नाहीत.

पावसाळ्यात बोराटीत राखी वटवट्या घरटं करी. "पिल्लं उडाली की पाया खणू," सर म्हणत. दिवाळी झाली की बाभळीवर पर्णवटवटे येत. "पाहुणे हिमालयातून आलेत, त्यांना काय उठ म्हणायचं?" होळीनंतर ते जात, तर ऊन तापू लागे आणि ओढ्याकडची सगळी पाखरं त्या कुंपणात सावलीला येऊन बसत. सर प्लॉटवरून परतले की वहिनी चुलीपुढून न वळता विचारत, "सध्या कोण आहे?" सर शाळेची हजेरी द्यावी तसं सांगत. वहिनी मला म्हणत, "भाऊजी, विचारा तुमच्या सरांना, या हजेरीत आमचं नाव कधी यायचं?"

एकदा त्या आमच्याबरोबर आल्या. सरांनी फांदी अलगद बाजूला करून त्यांना घरटं दाखवलं. आत अंडी होती, विटेच्या रंगाची, घासून चकचकीत केल्यासारखी. नर आमच्या डोक्यावरून उडाला तेव्हा त्याच्या पंखांचा चट्‌-चट्‌ आवाज झाला, ओलं जळण तडकावं तसा. वहिनी बराच वेळ वाकून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "यांच्या विटासुद्धा येऊन पडल्या. आपल्या अजून नाहीत." सर हसले. त्या हसल्या नाहीत, पण फांदी त्यांनीच परत जागेवर आणली.

पुढच्या वर्षी पाऊस गेला. आषाढात एकदाच पडला, तेवढ्यावर पाखरानं पुन्हा घरटं केलं, आणि नंतर आभाळ कोरडं राहिलं. ओढ्याकडचं गवत संपलं, कडबा संपला. शेजारची भागूबाई एका संध्याकाळी सरांच्या दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, माजी गाय उभीच हाय. बसत न्हाई. एकदा बसली की उठायची न्हाई, हे तिलाबी ठावं हाय. तुमच्या बोरीला पाला हाय."

 "बाई, तिथं…" सर एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "सकाळी या. कोयता मी आणतो."

सकाळी सर तोडत होते, वहिनी बेळक्यानं, दुफाट्याच्या काठीनं, फांद्या मागं ओढत होत्या आणि भागूबाई काठीनं पाला झोडपत होती. मीही होतो. रोज थोडं थोडं तोडत आठवडाभरात कुंपण संपलं. घरट्याचं झुडूप तेवढं सरांनी ठेवलं. भागूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मास्तर. तेवढ्या पाल्यानं माजी गाय काय धावत सुटायची न्हाई."

कुंपणात होतं तोवर ते घरटं कुणाला दिसत नव्हतं. आता उघड्या जागेत एकच झुडूप उभं होतं आणि पाखरू त्यातच ये-जा करत होतं. दोन दिवसांत कावळ्यांनी ते शोधलं. सरांनी शाळेत मला एवढंच सांगितलं, "मी ते राखलं नाही. नेमकं दाखवून दिलं."

गाय मात्र जगली.

त्या हिवाळ्यात सर एकदा वहिनींना म्हणाले, "आता तिथं काहीच नाही. आता बांधू." मी तिथंच जेवायला बसलो होतो. वहिनी भाकरी थापायच्या थांबल्या. "आता नको," त्या म्हणाल्या. "मला तिथं झोप लागायची नाही." इतकी वर्षं मागितलेलं घर त्यांनी तेवढ्या शब्दांत सोडून दिलं. सरांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले.

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला. बोराटीच्या बुंध्यांना धुमारे फुटले, वर्ष होता होता कुंपण कमरेएवढं झालं. त्याच सुमारास सरांची बदली भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या एका शाळेत झाली. जाताना त्यांनी प्लॉट मला दिला. माझं नुकतंच लग्न झालं होतं. मला आनंद झाला, तो मी लपवलाही नाही. सर म्हणाले, "कंपाउंड पक्कं घाला. बोरीचं काही खरं नसतं." मी ती बोराटी काढायची परवानगी समजलो. ती परवानगी होती की नाही, हे मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही.

मजूर मिळाले ते नेमके पावसाळ्यात. बोराटीत कुदळ घातली तेव्हा एक गडी थांबला. "गुरुजी, आत पाखरू लई वरडतंय. बघायचं का?"

चट्‌-चट्‌ आवाज मलाही आला होता. घरटं असेल किंवा नसेल. मी वाकून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मीही बांधू शकलो नसतो, हे मला माहीत होतं. "खणा," मी म्हणालो.

पुढं काही वर्षांनी सर तिकडंच वारले, भाड्याच्या खोलीत. पोस्टकार्ड आलं तेव्हा दिवस होऊन गेले होते. माझ्या अंगणात फरशी आहे, भिंती पक्क्या आहेत, घर कुठंही गळत नाही. संध्याकाळी पायरीवर बसलो की फार थकल्यासारखं होतं, आणि तो थकवा कामाचा नसतो.

वहिनी एकदाच आल्या, नेवाशाला भाचीकडे जाताना. केस पांढरे झाले होते. चहा नको म्हणाल्या. घराभोवती एक फेरी मारली, भिंतीला हात लावून पाहिला, मागच्या कोपऱ्यात बाभळीच्या जागी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी मागं मागं चालत होतो. मग माझ्याकडे न वळताच त्यांनी विचारलं,

"सध्या कोण आहे, भाऊजी?"

"आम्हीच," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पायरी उतरून चपला घातल्या.

"घर चांगलं बांधलंत," त्या म्हणाल्या.