अमावास्येचं लिंबू आणि कोरडा जॉइंट

आज शनिवार. सकाळी सिन्नरहून नाशिकला येताना आमच्या जुन्या पिकअपखाली मोठा आवाज झाला आणि गाडी थांबली. मागची चाकं फिरवणारा शाफ्ट जॉइंटमधून निसटून रस्त्याला टेकला होता.

गाडी वडिलांची. अण्णांना जाऊन आठ महिने झाले.

नेहमीचे मिस्त्री आले तेव्हा मी रागातच होतो. "गेल्या वर्षी तुम्हीच जॉइंट बदलला ना? हलका माल घातलात."

ते गाडीखाली गेले. बाहेर येऊन तळहात दाखवला. त्यावर गंजाची कोरडी भुकटी होती.

"भाऊ, ग्रीस कधी मारलं?"

"दर अमावास्येला लिंबू-मिरची बदलतो. अण्णा बदलायचे तशीच."

"अण्णा आधी माझ्याकडं ग्रीस मारून घ्यायचे, मग लिंबू बांधायचे. महिना चुकू नाय म्हणून अमावास्या धरली होती त्यांनी."

त्या लिंबाचा फोटो मी याच ग्रुपवर टाकला होता. 'अण्णांची पद्धत चालू ठेवली आहे,' असं लिहिलं होतं. तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलंत. मी फक्त दिसणारं तेवढं उचललं होतं. मिस्त्रींची माफी मागितली, पण त्यांच्याकडे बघवलं नाही.

गेलेल्या माणसाचं नेमकं काय चालू ठेवायचं, हे तुम्ही कसं ओळखता?

मिस्त्रींनी नवा जॉइंट बसवून दिला. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या जॉइंटला ग्रीस मारायचं माझ्यावर सोडा म्हणालो. घरी येऊन गोणपाट अंथरलं, गाडीखाली आडवा झालो आणि कडेनं ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन दाबत राहिलो.