डॉक्टरांच्या गाडीचं टोपण

आकाराम मिस्त्रीला सयाजीचं बरं झालेलं बघवत नसे. उद्यमनगरातल्या त्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. एकट्या सयाजीला ठाऊक नव्हती, किंवा असली तरी तो दाखवत नसे, आणि आकारामला नेमका त्याचाच जास्त राग यायचा.

तसा आकाराम काही सोम्यागोम्या नव्हता. बाप संस्थानच्या मोटारखान्यात कामाला, त्यामुळं हा मोटारींच्या पोटाखालीच वाढला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, ही त्याची तपासणी. मग तो सांगेल ते खरं. सयाजी त्याच्याच हाताखाली नऊ वर्षं राबला आणि चौऱ्याहत्तर साली त्यानं रस्त्याच्या बरोबर पलीकडं स्वतःचं गॅरेज टाकलं. पाया पडून, पेढे देऊन टाकलं. आकारामनं पेढा खाल्ला आणि त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. शेवटी त्र्यंबक डॉक्टरांची जुनी काळी अँबॅसिडरही गेली. ती गाडी आकारामनं दहा वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. त्या दिवशी तो ताटावरून उठला. बायकोनं, तानाबाईनं, विचारलं तर म्हणाला, "आमटी खारट झालीया." आमटी नेहमीसारखीच होती.

अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात डॉक्टर घरच्यांना घेऊन जोतिबाला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीनं छळ मांडला. सकाळी झटक्यात चालू व्हायची, दोन-तीन मैल नीट जायची आणि मधेच गप्प बसायची. मग किल्ली फिरवा नाहीतर हँडल मारा, इंजिन नुसतं गरागरा फिरायचं, पेट काही घ्यायचं नाही. उचगावला पेशंट बघायला निघालेले डॉक्टर वाटेतच अडकले आणि गाडी बैल जुंपून सयाजीच्या दारात आणावी लागली.

सयाजीनं प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली. ठिणगी निळी, कडक पडत होती. कार्बोरेटर उघडला तर आत पेट्रोलचा थेंब नाही. टोपण काढून टाकीत काठी घातली तर टाकी निम्मी भरलेली. म्हणजे पेट्रोल आहे आणि पुढं येत नाही. दोष पंपात, असं ठरवून त्यानं पंपाचा पडदा बदलला. गाडी चालू झाली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बैलांमागून आली. मग त्यानं काठी घालून पेट्रोल बघितलं, सगळी नळी फुंकून काढली. गाडी चालू. तिसऱ्या दिवशी पुन्हा बैल. दर वेळी त्या गड्याला वाटायचं, आता सापडलं.

आकाराम समोर स्टुलावर बसून हे सगळं बघत होता आणि त्याला चार वर्षांत पहिल्यांदा चहा गोड लागत होता.

रस्ता अरुंद. तिसऱ्या दिवशी सयाजीनं टाकीचं टोपण फिरवलं तेव्हा 'फस्स' असा बारीक आवाज झाला. सयाजीच्या मागं कुणीतरी हातोडा मारत होतं, त्याला तो ऐकू गेला नाही. आकारामच्या कानानं मात्र टिपला. डिकीवर, टोपणाच्या कडेला अजून जोतिबाचा गुलाल होता, आणि ते टोपण आकारामनंच केलेलं. मूळचं हरवलं म्हणून त्यानं पितळेचं लेथवर काढलं आणि मध्यभागी केसाएवढं भोक पाडलं. पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. गुलालानं ते भोक बुजलं होतं. सयाजी टोपण उघडायचा, हवा आत जायची आणि गाडी चालू व्हायची. मग श्रेय कधी पंपाला मिळायचं, कधी नळीला.

एका टाचणीचं काम होतं. रस्ता ओलांडून सांगायला दहा पावलं. पण आकाराम स्टुलावरून उठला नाही. उचगावला पेशंट खोळंबले असतील हे त्याला कळत नव्हतं असं नाही. सडू दे आणखी एक दिवस, असं तो मनात म्हणाला. उद्या डॉक्टर स्वतः उभे असतील, गल्ली बघत असेल, तेव्हा जाऊ. जीव जळत होता आणि त्या जळण्यात सुखही होतं.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा बैलांमागून आली. आकारामनं तानाबाईच्या बांगडीत अडकवलेली पिन मागून घेतली, स्वच्छ टोपी घातली आणि डॉक्टर आलेले बघून रस्ता ओलांडला.

सयाजीच्या हातात टोपण होतं आणि ओठ गुलालानं लाल झाले होते.

"मामा, बरं झालं आलासा," तो म्हणाला. "आज टोपण काढताना फस्स झालं की. तुमीच शिकवलंया न्हवं, आधी ऐकायचं. फुंकून बघितलं तर वारा जाईना."

डॉक्टरांनी टोपण उन्हाकडं धरलं. "इतकं बारीक भोक, तेही वर तोंड करून. धूळ बसणारच. कुणी केलंय हे?"

आकारामनं हातातली पिन मुठीत दडवली. डॉक्टरांना काही आठवत नव्हतं. पण लेथवर ते पितळ निघालं तेव्हा सयाजी शेजारी उभा होता, त्यानंच ते पॉलिश केलं होतं.

"कुणास ठावं," सयाजी म्हणाला. "लई जुनं हाय. गाडीसंगंच आलं असंल." आकारामकडं न बघता त्यानं ड्रिल उचललं आणि टोपणाला बाजूनं दोन भोकं पाडली.

डॉक्टर हसून म्हणाले, "मिस्त्री, शिष्य तयार केलात बरं का."

"व्हय," आकाराम म्हणाला. टोपण माझंच हाय, हे शब्द पार दातांपर्यंत आले आणि तिथंच थांबले. गाडी पहिल्या झटक्यात पेटली आणि उचगावच्या वाटेला लागली.

दुपारी त्यानं तानाबाईला पिन परत दिली.

"झालं काम?"

"झालं."

तो पाटावर बसला. सयाजीच्या हाताचा हेवा करायची त्याला चार वर्षांची सवय होती. त्याच्या जागी आपण असतो तर काय बोललो असतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. आता त्याला सयाजीच्या त्या खोटं बोलण्याचाही हेवा वाटत होता, आणि तो जुन्यापेक्षा कडू होता.

"आमटी खारट झालीया," तो म्हणाला.

तानाबाईनं अजून वाढलीच नव्हती.