तळीला पाचवा हात

देवाच्या अनुभवाबद्दल लिहायचं तर लिहिणारा जरा तरी भक्तीतला असावा, निदान त्यानं चार गुरुवार नीट पाळलेले असावेत. मी आयुष्यात एकच उपवास शेवटपर्यंत पुरा केला, आणि तोही एसटी वाटेत बंद पडली म्हणून. तरी ही हकीकत मीच लिहितो आहे. दुसऱ्या कुणी सांगितली तर तो माझी बाजू चांगली करून सांगेल. ती तेवढी चांगली नव्हती.

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. मी तेव्हा लातूरला कलेक्टर कचेरीत कारकून होतो. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. टेबलं नवी, शिक्के नवे, पाटीवरचा रंगही वाळायचा होता. वाळायला मात्र वेळ लागत नव्हता, कारण दुष्काळ होता आणि पाऊस म्हणून कशावर पडतच नव्हता. माझ्याकडे टंचाईचं टेबल आलं. कुठल्या गावाला टँकर द्यायचा, कुठल्या विहिरीतला गाळ काढायचा, हे दिवसभर लिहायचं आणि खोलीवर येऊन एका घागरीत दोघांनी भागवायचं. माझं गाव लोह्याजवळ, नांदेड जिल्ह्यात. तिथं माय एकटी असायची. दर पंधरा दिवसांनी मी आणि माझी बायको सुभद्रा गावी जायचो, आणि दर वेळी मायचा विषय तोच.

आमचं कुलदैवत माळेगावचा खंडोबा. मायनं त्याला नवस बोलले आणि ते फेडायला सुभद्राला लावले. रविवार धर, सोमवती धर, माळेगावला अनवाणी चाल. सुभद्रानं सगळं केलं. एकदा तर चालून आल्यावर तिच्या टाचा अशा फुटल्या की चार दिवस तिनं चुलीपुढं बसूनच काम केलं. देवाला माझ्याकडूनही काही हवं असेल असं मायला कधी वाटलं नाही, आणि मीही तिला आठवण करून दिली नाही.

लातुरात एक डॉक्टर होते. शिक्षण नेहमीचंच डॉक्टरकीचं, पण वर सुयांची विद्या शिकून आलेले. केसासारख्या बारीक सुया, आत औषध वगैरे काही नाही. हाता-पायाला, पोटावर, टाळूवर ठरलेल्या जागी टोचायच्या आणि अर्धा तास तशाच ठेवायच्या. कंबर-गुडघे धरलेली माणसं त्यांच्याकडे जास्त यायची. मूल होत नसलेली जोडपी जरा तोंड चुकवून यायची. सुभद्राला घेऊन मी गेलो आणि तिला आत पाठवून बाहेर बाकावर पेपर उघडून बसलो. थोड्या वेळानं डॉक्टर स्वतः बाहेर आले. मी कोण म्हणून विचारलं. नवरा, म्हणालो. मग बाहेर का बसलात, म्हणाले. पेपरची घडी करून आत गेलो.

सुया लावायच्या आधी त्यांनी दोघांच्या तपासण्या करायला सांगितल्या. सुभद्राचं सगळं ठीक निघालं. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि कमी माझ्यात आहे हे सरळ शब्दांत सांगितलं. सुयांनी मूल होईलच अशी हमी ते देत नव्हते. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, म्हणाले. फक्त एक अट घातली, की यायचं तर दोघांनी. तो कागद मी चार घड्या करून कचेरीतल्या एका फायलीत ठेवला. कुठल्या फायलीत ते सांगितलं तर हसाल, पण माझ्याकडे टंचाईशिवाय दुसरी फाईल नव्हती.

मायला मी सांगितलं की सुभद्राचे उपचार चालू आहेत. हे खोटं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. सुभद्रा परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगाल तवा सांगा आत्याबाईंना. मी न्हाई सांगणार." मी ते परवानगीसारखं खिशात घातलं.

पहिल्या दिवशी सुई दिसल्याबरोबर मला घाम फुटला आणि डॉक्टरांनी आधी साखरपाणी पाजलं. शेजारच्या पलंगावर सुभद्रा पोटावर चार सुया घेऊन शांत पडली होती, आणि हसू आवरत होती, कारण हसलं की सुया हलतात. पुढं पुढं मला त्या अर्ध्या तासाची सवय झाली. हलता येत नाही, उठून जाता येत नाही, पेपर धरता येत नाही. सात वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी शेजारी पडून आम्ही कधी बोललो नव्हतो. तिला लहानपणी विहिरीत पोहता यायचं हे मला तिथं कळलं. दुखतंय का, हे तिनं मला विचारायच्या आधी मी तिला विचारायला पाहिजे, हेही तिथंच कळलं, जरा उशिरा.

सहा महिने झाले. मग मामानं, म्हणजे मायच्या भावानं, कंधारकडची एक मुलगी काढली. मी म्हणालो, सरकारी नोकराला दुसरी बायको करता येत नाही, नोकरी जाते. नियम सांगून सुटलो म्हणून मी मनात खूश होतो. मामा म्हणाला, हाव की, म्हणून तर आधी काडीमोड. हिला माहेरी पोचवू, कागद करू, मग तुझा नियम बी खूश. सुभद्रा ताक घुसळत होती, रवीचा आवाज तेवढा थांबला आणि परत सुरू झाला. एक वाक्य बोललो असतो तर विषय तिथंच मिटला असता. मला ते आलं नाही. पुढच्या सोमवारी मुलगी बघायची ठरली, आणि आदल्या दिवशी रविवारी घरात तळी भरायचं.

त्या रविवारी सकाळी आमची सुयांची पाळी होती. अकराची एसटी गाठायची म्हणून मी सुया काढणाऱ्या बाईंच्या मागं लागलो. त्यांनी पायाच्या काढल्या, हाताच्या काढल्या, आणि झालं ना बाई म्हणत मी उठलोच. गावात बोडक्यानं हिंडलेलं मायला खपत नाही, म्हणून टोपी घातली आणि पळालो. चाकूर मागं पडलं तसं टाळूत टोचायला लागलं. सुई लागल्यावर जड वाटणं, ओढ लागणं हे चांगलं लक्षण, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी अहमदपूरपर्यंत गुण येतोय म्हणून मनात आनंदलो आणि पुढं लोह्यापर्यंत दात आवळून आनंदलो.

तळी म्हणजे ताम्हणात भंडारा, खोबरं, पानसुपारी ठेवून ते पाच पुरुषांनी मिळून देवाच्या नावानं उचलायचं. आणि खाली टेकवायचं ते भुईवर नाही. ज्याच्या घरचं कार्य त्यानं आपली टोपी काढून खाली ठेवायची, तळी त्या टोपीवर. पण पाच पुरुष आणायचे कुठून? गावातले कामाचे सगळे खडी फोडायला गेलेले. मी, मामा, शेजारचे म्हातारबा आणि त्यांचा लंगडणारा लेक, एवढे चारच. समोरच्या विहिरीत टँकर रिकामा होत होता. मायनं त्याच्या ड्रायव्हरला हाक मारली. उदगीरकडचा उतारवयाचा माणूस, खांद्यावर ओला टॉवेल. मी चालतो का, असं त्यानं दारातूनच विचारलं. माय म्हणाली, "पाणी चालतंय तर हात बी चालतोय. ये बाबा."

येळकोट येळकोट म्हणत तळी तीनदा उचलली. मग एक हात ताम्हणाला ठेवून दुसऱ्यानं मी टोपी ओढली. टोपी कशाला तरी अडकून निघाली आणि डोक्यातून अशी कळ गेली की मी खाली वाकलो. समोर ड्रायव्हर होता.

"मालक, हालू नका," तो म्हणाला. "डोस्क्यात सुई हाय तुमच्या."

तळी अजून वरच होती. मामानं कसली सुई म्हणून विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, लातूरच्या डॉक्टरची, माझ्या कमरेला अशाच लावल्या होत्या. माय पुढं आली. सुया तर हिला लावतात, ह्याच्या डोक्यात कशी, म्हणाली. त्या भल्या माणसानं मला सुटायची वाट करून दिली. डोकं दुखत असंल साहेबांचं, म्हणाला, बसून लिहिण्याचं काम.

मला फक्त हाव, म्हणजे हो, म्हणायचं होतं. मी त्यासाठी तोंडही उघडलं. तेवढ्यात माझ्या हाताखाली दुसरे दोन हात आले. कळ आल्यावर माझा हात ढिला पडला होता आणि ताम्हण माझ्या बाजूला कललं होतं; तळी सांडू नये म्हणून सुभद्रानं ती खालून धरली होती. आमच्याकडे बायका तळीला हात लावत नाहीत. ती माझ्याकडे बघतही नव्हती, तिचं सगळं लक्ष ताम्हणाकडे. तिला घराबाहेर काढायसाठी भरलेली ती तळी, आणि भंडारा तिच्या मनगटावर सांडत होता.

हाव काही आलं नाही. जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. "मूल होत न्हाई म्हणून मलाच लावतात, माय. हिच्यात काही न्हाई. कमी माझ्यात हाय."

माय म्हणाली, "आधी तळी खाली ठेवा."

टोपीवर तळी ठेवली. ड्रायव्हरनं हात टॉवेलला पुसून सुई हळूच ओढली आणि तिथं अंगठ्यानं भंडाऱ्याची चिमूट दाबून धरली. माय भुईवर बसली. कधीपासून माहीत आहे, विचारलं. सहा महिने, मी म्हणालो. हिलाही माहीत आहे का, विचारलं. हो म्हणालो. मग तिनं माझा नाद सोडला आणि सुभद्राकडे वळली.

"मंग ह्या चैतात अनवाणी कशाला चाललीस गं? बोलली का न्हाईस?"

"तुम्ही इचारलंच न्हाई आत्याबाई," सुभद्रा म्हणाली. "चाल म्हणला, चालले."

माय भुईला हात टेकून उठली. तिनं ताम्हणातला भंडारा घेतला आणि घरात कुणाच्याही आधी सुभद्राच्या कपाळाला लावला. मामानं उद्याचा विषय काढून बघितला. कंधारला सांगावा गेलाय, ते वाट बघून राहिले असतील, म्हणाला. माय म्हणाली, "तू जा की. त्या पोरीच्या बापाला म्हणावं, जावई बघायचा तर आधी डॉक्टरला दाखवून घे." म्हातारबा हसले, मग मामाकडे बघून खोकल्याचं सोंग केलं. ड्रायव्हर खोबऱ्याचा तुकडा घेऊन टँकरकडे गेला. आमच्या गावचे टँकर नांदेड जिल्ह्याचे, माझ्या टंचाईच्या टेबलावर त्यांची नोंद नव्हती, आणि तो टँकर पुन्हा कधी आमच्या गावाकडे आल्याचं मला दिसलं नाही; त्या माणसाचं नावही मी विचारलं नव्हतं.

पुढच्या खेपेला माय लातूरला आली, आम्ही न बोलावता. आम्ही आत पडलेलो आणि ती बाहेर बाकावर. सुनेला घेऊन आलेल्या कुणा बाईला ती विचारत होती, पोरगा कुठंय तुमचा? शेतात हाय म्हणल्यावर तिनं ऐकवलं, शेत काय पळून जातंय का, त्याला बी आणा. डॉक्टर म्हणाले, ह्यांना बाकावर कायम बसवा. तेव्हापासून आजवर आमच्या भागातले कितीतरी नवरे मी स्वतः हाताला धरून तिथं नेले. दारातून परत फिरणारा नवरा मला लांबून ओळखू येतो.

आम्हाला मुलगी झाली, सुया थांबवल्याला काही महिने उलटून गेल्यावर. पेढे घेऊन गेलो तर डॉक्टर म्हणाले, श्रेय मी घेत नाही. माय म्हणाली, खंडोबानं दिली. सुभद्राला विचारलं तर ती म्हणते, झाली न्हवं, मग आता कशाला चौकशी. नेलेल्या जोडप्यांतल्या काहींना मूल झालं, काहींना नाही झालं. ज्यांना नाही झालं तेही नंतर एकत्रच बाजाराला येताना दिसतात, आणि मला तेवढं पुरतं.

मी भक्त झालो नाही. पण रविवारी देवापुढं उभा राहिलो की काही मागायचं धाडस होत नाही. त्या दिवशी माय दुसरी सून मागत होती, आणि मी मनातल्या मनात एवढंच मागत होतो की मला काही बोलायला लागू नये. देवानं आमच्या दोघांचंही ऐकलं नाही. त्याचे हे उपकार मी विसरणार नाही.