पिवळी लोकर
आई गेल्यावर तिची पेटी उघडली, तसा डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि भिलाईच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवली. बाळंतपणाला गेलेली आई दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतली होती. मी तिला त्रास देऊ नये म्हणून बाबांनी सिव्हिक सेंटरच्या बाजारातून मला एक खेळ आणून दिला: भोकं पाडलेली पुठ्ठ्याची मधमाशी, बोथट सुई आणि काळी-पिवळी लोकर. मी एकेका भोकातून दोनदोनदा लोकर ओवली, त्यामुळे पिवळी लोकर संपली आणि शेवटचा पट्टा उरला. मी रडायला लागले तशी आई पलंगावरून उठली. हीच पेटी उघडून तिनं अर्धवट विणलेला इवलासा पिवळा स्वेटर काढला आणि उसवू लागली. "आई, हा तर बाळाचा हाय नं?" "घे, भरून टाक. आता कोनाले घालाचा हाय?" संध्याकाळी प्लांटमधून आलेल्या बाबांनी मधमाशीच्या त्या शेवटच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "पुरली वाटते लोकर," एवढंच म्हणाले. आज पेटीत तळाशी मधमाशी सापडली. तिच्याखाली, विणायच्या सुईवर तशीच अडकलेली, बोटभर पिवळी बाही होती. तेवढी तिनं उसवली नव्हती.